कामरगावच्या भावाला टीप किती?

समस्त नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, घरपोच जेवण आणून देणाऱ्या इसमाच्या हातावर नेमके किती रुपये ठेवावेत, या राष्ट्रीय महत्त्वाच्या प्रश्नावर वाशीम शहरातील एका स्वयंपाकघरात चार आठवडे चर्चा झाली, अनेक पातेली चहा आटला, आणि निर्णय काही लागला नाही.

सदर स्वयंपाकघर माझं. चर्चेत भाग घेणारे दोघंच. एक मी, चोवीस वर्षं शाळेत मराठी शिकवणारी बाई. दुसरे आमचे हे, शहराला लागून असलेल्या तीन एकरांत वांगी, मेथी आणि सांबार पिकवून बाजारात नेणारे. सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर. पुण्याच्या वाचकांनी उगीच इडली शोधत बसू नये.

या सगळ्याची सुरुवात पुण्याहूनच झाली. दिवाळीला आलेल्या मुलीनं माझ्या फोनमध्ये जेवण मागवायचं ॲप टाकून दिलं आणि जाताना फर्मान काढलं, ‘‘आई, दर रविवारी तुला स्वयंपाकाची सुट्टी. मागवायचं आणि खायचं. आणि हो, आणून देणाऱ्याला टीप द्यायची. वीस रुपये तरी.’’

‘‘टीप कायले?’’ हे म्हणाले. ‘‘त्याले पगार नाही भेटत का?’’

‘‘बाबा, उन्हातान्हात गाडी चालवत येतात ती माणसं.’’

‘‘मंग वीस रुपये देऊन कायले हाकलतं? जेवूनच जा म्हन ना त्याले.’’

मुलीनं कपाळावर हात मारला आणि गाडीत बसली.

पहिल्या रविवारी मी मोठ्या थाटात भरीत आणि तंदुरी रोटी मागवली. हे खुर्चीत बसून तक्रार करत होते. कालच ज्या हॉटेलवाल्यानं यांच्याकडून टोपलंभर वांगी नेली, त्याच हॉटेलातून ती भाजून, कुटून, चौपट भावानं आमच्याच घरी परत येणार होती. ‘‘आपल्याच वांग्याले आपन भाडं देऊन घरी आनून राह्यलो,’’ एवढं ते तीनदा म्हणाले, तोवर फाटक वाजलं.

मी वीसची कोरी नोट मुठीत धरून निघाले. आयुष्यातली पहिली टीप. शाळेत बक्षीस समारंभाला पाहुणे चालतात तशी मी चालत गेले. फाटकाशी ज्यानं हेल्मेट काढलं तो माझ्याच वयाचा माणूस होता. पांढऱ्या मिशा, पाठीवर दप्तरासारखी भलीमोठी चौकोनी बॅग. त्यानं डबे माझ्या हातात दिले, मी नोट पुढं केली, आणि तो नोटेकडं न बघता माझ्या तोंडाकडंच बघत राहिला.

‘‘ताई, तुमी कामरगावच्या ना?’’

मी डोळे बारीक केले. मिशा काळ्या केल्या, बॅग काढून टाकली, हातात जीपचं स्टेअरिंग दिलं, आणि एकदम ओळखलं. कारंजा ते कामरगाव जीप चालवायचे ते भाऊ. लग्नानंतरची कितीतरी वर्षं मी वाशीमहून एसटीनं कारंज्याला उतरायचे आणि तिथून त्यांच्या जीपनं माहेरी जायचे. मागं पंधरा माणसं कोंबलेली असली तरी पुढची खिडकीची जागा माझी. कोणी कुरकुरलं तर म्हणायचे, ‘‘लेक माहेरी चालली बाप्पा, तुमी चालले बाजाराले. सरका तिकडं.’’

आता माझी पंचाईत बघा. आमच्याकडं माहेरच्या गावचा माणूस म्हणजे भाऊ. मग त्याची माझी जात एक असो की नसो, शेजार असो की नसो. भाऊ बहिणीला देतो. बहिणीनं भावाच्या हातावर वीसची नोट ठेवायची म्हणजे त्याला दारातून परत पाठवण्यासारखंच. त्यांनी माझी मूठ मिटवली.

‘‘माहेरवाशिनीचे पैसे घेऊ मी?’’

मी पटकन दुसरी वाट काढली. ‘‘बरं, मंग हे घरधनी देतील.’’

‘‘जवाईबुवाकडून? अवं ताई, मले गावात पाय ठेवू देतील का?’’

‘‘मंग पोरगी देईल. पुन्यावरून, फोनवरूनच.’’

‘‘भाचीचे पैसे मामानं खावं?’’ ते इतके घाबरले की मलाच माझी लाज वाटली.

घरातले सगळे देणारे असे एका मिनिटात बाद झाले. तेव्हा आमचे हे, जे इतका वेळ ‘जवाईबुवा’ या पदवीनं फुगून उभे होते, त्यांनी निकाल दिला, ‘‘चहा तं घ्या लागंल.’’

चहा झाला. आमच्या घरचा चहा घोटभर नसतो. आधी पाणी, मग विचारपूस, मग दूध तापवणं, मग चहा, मग ‘अजून थोडा घ्या’. त्यात त्यांची हकीकत कळली. ज्याच्या त्याच्या घरी मोटरसायकल आली, जीपला सवारी उरली नाही, जीप विकली. आता मुलाकडं वाशीमला राहतात. ‘‘सून चांगली हाय, ताई. पन दिवसभर तिच्या हाताकडं पाह्यत बसनं नाही होत. हे काम भेटलं तं सकाळी आंगोळ करून घराबाहेर तं पडतो.’’ मात्र काम अजून पक्कं नव्हतं. त्यांना कामावर ठेवणारा मालक पोरगेला होता. तो म्हणाला होता, काका, तुमचं वय पाहता एक महिना पाहू. गिऱ्हाइकांचे तारे चारच्या खाली गेले तर राम राम.

हे ऐकताना मी हळहळले. ते गेल्यावर फोनवर पाच रिकामे तारे आले. मी विचारपूर्वक चार रंगवले.

दुसऱ्या रविवारीही भाऊच आले. ह्यांनी चहाबरोबर मेथीची भजीही तळायला लावली. ‘‘साला हाय आपला. कोरडा चहा देतं का?’’ भाऊ खुर्चीच्या टोकावर बसून भजी खात होते, फोन सारखा किणकिणत होता आणि हे म्हणत होते, ‘‘वाजू द्या हो. आपल्याले घाई हाय का?’’ ते गेल्यावर मी पुन्हा चार तारे दिले.

तिसऱ्या रविवारी भाऊ आले ते फाटकाबाहेरच थांबले. गाडी चालूच. हेल्मेट डोक्यावरच.

‘‘ताई, डबे घ्या. आज चहा नोको. पाया पडतो.’’

‘‘काहून? काय झालं?’’

त्यांनी काच वर केली. चेहरा उतरलेला होता. ‘‘तारे पडून राह्यले माये. चारले टेकलो. इथून उशीर होते, मंग पुढच्या घरचं जेवन गार होते. आन् एक कोनी तं असा हाय, दर रविवारी चारच तारे देते. काय चुकते माह्याकडून, कळतच नाही. आठ दिवस राह्यले. मालक म्हने, आता एक जरी घसरला तं घरी बसा, काका.’’

मी हातातल्या रोटीच्या पुडक्याचं अत्यंत बारकाईनं निरीक्षण करू लागले. आमचे हे सावकाश मान वळवून माझ्याकडं बघू लागले. चोवीस वर्षं हा माणूस माझं पेपर तपासणं बघत आला आहे. निबंधाला दहापैकी दहा मी कधी कोणाला दिले नाहीत. सुधारणेला वाव ठेवावा, ही माझी पद्धत.

‘‘अवं,’’ हे हळूच म्हणाले, ‘‘तू तं नाही ना ते?’’

मी म्हणाले, ‘‘भाऊंना उशीर होऊन राह्यला.’’

उशीर होतोय, एवढं ह्यांना पटलं. आणि रिकाम्या हातानं साला जाणार हे मात्र पटेना. चहा नाही, भजी नाही, पैसा नाही. मग उरतो तो वानवळा. मळ्यात जे निघेल त्यातलं थोडं आल्यागेल्याच्या हाती द्यायचं, ही आमच्या घरची रीत; त्याला नाही म्हणता येत नाही आणि वेळही लागत नाही. भाऊ ‘अहो, जवाईबुवा, नोका ना’ म्हणेपर्यंत ह्यांनी मागं जाऊन त्यांच्या पाठीवरच्या बॅगेची चेन उघडली, दोन किलो वांगी, मेथीची जुडी आणि सांबाराची मूठ आत कोंबली, चेन लावली आणि बॅगेवर थाप मारली, जशी जीप भरल्यावर मारतात. ‘‘चला, निघा!’’ भाऊ निघाले.

इकडं मी विजयी मुद्रेनं मुलीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘बाबा, बॅगेत आणखी कोणाचं जेवण होतं का?’’

ह्यांनी आठवून पाहिलं. ‘‘गरम लागलं होतं खरं काहीतरी हाताले.’’

‘‘म्हणजे तुम्ही कुणाच्या तरी बिर्याणीवर वांगी ठेवली! आता ते एक तारा देतील, बाबा! आणि आई, तू काय दिलेस आजवर?’’

मला खोटं बोलता येत नाही. चार, म्हणाले. मग ती म्हणाली, ‘‘आई, तो काय निबंध आहे?’’

त्या दिवशी मी पाच तारे रंगवले. चोवीस वर्षांत प्रथमच पैकीच्या पैकी. पाचवा पिवळा झाला तेव्हा काही कोसळलं नाही, याचंच मला नवल वाटलं.

पण वांग्यांचं काय? आठवडाभर घरात सुतक असल्यासारखं होतं. हे बाजारातून येताना प्रत्येक चौकोनी बॅगवाल्याच्या हेल्मेटात डोकावून बघायचे. दोघांनी तर गाडी जोरात पळवली. चौथ्या रविवारी आम्ही काही मागवलं नाही. कोण येईल याचीच भीती. मी पिठलं केलं. ह्यांनी मीठ कमी असूनही नाव ठेवलं नाही, यावरून काय ते समजा.

सोमवारी सकाळी फाटक वाजलं. भाऊ. पाठीवर बॅग नाही, कंपनीचा शर्ट नाही. धुतलेला पांढरा सदरा, हातात पिशवी, पायी. मी ह्यांच्याकडं पाहिलं, ह्यांनी माझ्याकडं. गेलं काम.

‘‘या,’’ हे कसेबसे म्हणाले. ‘‘आमच्यानंच झालं सारं, भाऊ.’’

‘‘तुमच्यानंच झालं,’’ भाऊ म्हणाले आणि खुर्चीत आरामशीर मागं टेकून बसले. पहिल्यांदाच.

त्या दिवशीची बिर्याणी एका बँकवाल्या बाईंची होती. बॅग उघडली तर वर वांगी. भाऊ माफी मागायला तोंड उघडणार, तोच त्या बाई म्हणाल्या, ‘‘अगंबाई, हे सोबत असतं का?’’ भाऊंना खोटं बोलवेना. म्हणाले, ‘‘आमच्या जवाईबुवाच्या वावरातले हायेत, मॅडम.’’ बाईंनी वांगी ठेवून घेतली, पाच तारे दिले आणि खाली लिहिलं, ‘जेवण बरं, वांगी उत्तम.’ मग आठवडाभर त्यांच्या गल्लीतून मागणी वाढली आणि दार उघडणारा प्रत्येक माणूस आधी बॅगेत डोकावू लागला. तारे चढत गेले. काल संध्याकाळी मालकानं बोलावून सांगितलं, काका, तुम्ही पक्के. फक्त भाजीपाला बंद करा.

‘‘आन् ताई,’’ भाऊ म्हणाले, ‘‘तो चार तारेवाला हाय ना, त्यानंही त्याच रविवारी पाच देल्ले! सुधरला बिचारा.’’

हे इतक्या जोरात खोकले की मला पाणी आणावं लागलं.

मग भाऊंनी पिशवी उघडली. माझ्या मांडीवर हिरवं चोळीचं कापड ठेवलं. ह्यांच्या खांद्यावर कोरा दुपट्टा टाकला, डोक्यावर पांढरी टोपी बसवली, आणि वाकून नमस्कार केला. काम पक्कं झालं, आता पहिला मान जवाईचा. ते सुनेच्या हातचा नाही, माझ्या हातचा चहा पिऊन, आज अजिबात घाई नसल्यानं दोनदा पिऊन, गेले.

आमचे हे मात्र फाटकाशीच उभे राहिले. खांद्यावर दुपट्टा, डोक्यावर एक माप मोठी टोपी कानांपर्यंत उतरलेली. मग माझ्याकडं वळले, आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेले,

‘‘अवं, आता ह्याच्यावर टीप किती द्या लागते?’’