न लागलेला दिवा

“ह्याच्यात ओरिजिनल फाइल टाका. आत्ताच्या आत्ता,” ॲम्ब्युलन्सच्या मालकांनी ईसीयू माझ्या टेबलावर आदळला. “उद्या इन्स्पेक्शन हाय.”

ईसीयू म्हणजे पत्र्याचा चपटा डबा. इंजिनाला किती डिझेल द्यायचं, कधी द्यायचं, ते हा ठरवतो. त्यातली फाइल उघडून बदलायची, हा माझा सोलापुरातला धंदा. आत नुसते आकडेच आकडे. कुठला आकडा कशाचा, हे कंपनी सांगत नाही. ते आपणच उकरून काढायचं.

ही गाडी दोन महिन्यांपूर्वी माझ्याकडे येऊन गेली होती. दवाखान्यापुढे एसी चालू ठेवून तासन्‌तास उभी असायची, त्यामुळे सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टर तुंबायचा. तुंबला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी आपणहून पॉवर कमी करते. याला लिंप मोड म्हणतात. मालक वैतागले होते. “ती कटकटच बंद करून टाका की!”

फाइलमध्ये प्रत्येक बिघाडाचा एक कोड असतो, तो शून्य केला की त्या बिघाडाचा दिवा लागतच नाही. फिल्टरचे कोड एकेक शोधायचे तर दिवस मोडतो. आमच्या लाइनीत बरेच जण करतात तेच मी केलं. कोडचा अख्खा पट्टा शून्य करून टाकला. त्याच पट्ट्यात इंजिन तापल्याचा कोड होता. दिसला नव्हता असं नाही, चांगला दिसला होता. म्हटलं, टेंपरेचरचा काटा आहे की समोर. आळस, दुसरं काय!

मालक डबा घेऊन यायच्या दोन दिवस आधी वैरागहून पेशंट आणताना पाण्याचा पाइप फुटला. ना दिवा लागला, ना बीप वाजला, ना पॉवर कमी झाली. मागे माणूस छाती धरून कण्हतोय, त्यात ड्रायव्हर सिद्राम काट्याकडे कधी बघणार? इंजिन जाम होऊन गाडी रस्त्यातच बसली. दुसरी गाडी यायला पाऊण तास लागला. तोवर पेशंट गेला होता. चाळिशीचा माणूस.

पेशंटच्या घरच्यांनी तक्रार केली. मालकांनी सांगून टाकलं, दिवा लागला होता, ड्रायव्हरनंच तशी दामटली.

“सिद्रामचं काय मग?” मी विचारलं.

“त्याचं मी बघतो. तुमचं नाव येऊ द्यायचं का, तेवढं बोला.”

मी केबल लावली. कंपनीची मूळ फाइल माझ्याकडे होतीच. चार मिनिटांत काम झालं. मध्ये एकदाही थांबलो नाही, आणि त्याचीच आज जास्त लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये डबा गाडीला जोडायला मीच गेलो. इन्स्पेक्टरनं किल्ली फिरवून टेंपरेचर सेन्सरची वायर काढली. दिवा लगेच लागला. बीपसुद्धा वाजला.

“लागतोय की दिवा,” इन्स्पेक्टर म्हणाला.

“त्या दिवशी न्हाय लागला ओ सायेब! आईशपथ!” सिद्राम माझ्याकडे वळला. “ह्या सरांनी काम केलंय गाडीचं. त्यांना इचारा.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“फाइल ओरिजिनल आहे,” मी म्हणालो. शब्दाला धरून ते खरंच होतं.

इन्स्पेक्टरनं लिहून घेतलं. सिद्रामवर केस झाली, नोकरीही गेली. धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना मी आता बजावतो, तपासणीच्या स्कॅनरला गाडी आज कशी आहे तेवढंच दिसतं, काल कशी होती ते विचारायचं असेल तर माणसाला विचारा. ऐकून ते माना डोलावतात. त्या दिवशी माणूस मीच होतो, हे त्यांना सांगत नाही.

गॅरेजमधून निघताना सिद्राम माझ्याजवळ आला होता. चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं.

“तुमी म्हणताय म्हंजे लागलाच असंल, सर,” तो म्हणाला. “माझंच ध्यान नसंल. माणूस गेला ओ माझ्यापायी.”

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “होतं असं कधी कधी.”