खाली जाऊन येतो

ती घटना आठवली की आजही मला आधी राग येतो, भीती नंतर. मी सिंगापूर पोलिसांत तपास अधिकारी होते. कराराची वर्षं संपली तशी तिशीतच बाहेर पडले. आता सुट्टीच्या दिवशी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर पत्रकं वाटते: ट्रेकला जाताना घरी सांगून जा. लोक पत्रक घेतात आणि त्यानेच वारा घालतात. घालू देत. निदान हे वाचा.

सकाळची हजेरी संपत होती, तेवढ्यात बुओना व्हिस्टातल्या एका प्रयोगशाळेतून ठाण्यात फोन आला. पुण्याचा एक संशोधक रजा संपूनही कामावर आला नव्हता. तो मावसबहिणीच्या फ्लॅटवर राहायचा आणि ती सांगत होती की त्याला ताप आहे. फोन करणारा सहकारी म्हणाला, "मी डबा घेऊन गेलो, तर तिने दारातच अडवलं. बाहेर त्याचे बूट नव्हते, मॅडम."

डब्यापेक्षा बुटांकडे बघणारा माणूस भेटला, हे आमचं नशीब.

मी त्या मावसबहिणीला बोलावलं. जन्म इथलाच, नोकरी तांजोंग पगारला, मराठी घरापुरतं.

"भाऊ कुठे आहे?"

"घरी. झोपलाय."

"चल, बघून येऊ."

"डॉक्टरने डिस्टर्ब करू नका सांगितलंय."

"कुठल्या डॉक्टरने?"

खोटं बोलणाऱ्याची गाडी नावापाशी अडते. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तर त्याच्याकडे बघून ती रडायलाच लागली.

"ताई, तो ऑस्ट्रेलियात आहे. वाळवंटातल्या नॅशनल पार्कमध्ये. एकटा गेलाय. मावशीला कॉन्फरन्स आहे सांगितलंय. मला गळ्याची शपथ घातली."

"शपथेपायी त्याचा जीव जाऊ देणार आहेस?"

"पण मी पार्कला फोन केलाय ना. ते शोधतायत. त्याचा लास्ट मेसेज पण सांगितला. ही वॉज कमिंग डाउन, लाह." रडतानाही तिचं सिंगापुरी 'लाह' सुटत नव्हतं.

मी हरवल्याची नोंद घेतली, तिथल्या पोलिसांना कळवलं आणि त्यांच्यामार्फत पार्कच्या रेंजरशी बोलले. भाड्याची गाडी तळावर तशीच उभी होती. पठारावरून तळाकडे उतरणारी वाट त्यांनी पुन्हा पुन्हा पालथी घातली होती, हेलिकॉप्टरही त्याच बाजूला फिरत होतं. माणूस नाही, सॅक नाही. "उन्हाळा आहे," रेंजर म्हणाला. "त्याच्याजवळचं पाणी आता संपलं असणार."

मी त्याच्या बहिणीला म्हटलं, "मेसेज दाखव."

पठाराच्या माथ्यावर जेमतेम रेंज मिळाली तेव्हा त्याने पाठवलेला, रोमन अक्षरांतला, तीन शब्दांचा मेसेज. खाली जाऊन येतो.

"याचा अर्थ काय सांगितलास त्यांना?"

"खाली येतो. कमिंग डाउन."

"आणि 'जाऊन' कुठे गेलं?"

तिने मेसेज पुन्हा वाचला.

"तुझी आई 'मार्केटला जाऊन येते' म्हणते, तेव्हा ती मार्केटमधून येत असते का?"

"नाही. निघत असते."

तो परत येत नव्हता, निघाला होता; कुठेतरी खाली उतरून पुन्हा माथ्यावरच येणार होता. मी रेंजरला विचारलं, पठारावरून खाली उतरायला दुसरी जागा आहे का? आहे, तो म्हणाला, पाठीमागे कोरडी घळ आहे, पण तिथे वाट नाही, कुणी उतरत नाही. मी म्हटलं, हा उतरलाय.

मग आम्ही फोनकडे बघत बसलो. आणलेला चहा तसाच राहिला. मध्येच ती म्हणाली, "एक वर्ड, ताई. मी एकच वर्ड सोडला." मी तिची समजूत काढली नाही. तेवढा धीर माझ्यातच नव्हता.

फोन आला. घळीत, खडकाच्या सावलीत तो सापडला होता. पाय मोडलेला, जीभ सुजलेली, पण जिवंत.

पुण्याला त्याच्या आईला मीच फोन केला. सगळं ऐकून त्या आधी रडल्या, मग रागावल्या. "मला सांगितलं असतं तर मी जाऊच दिलं नसतं हो."

"म्हणूनच नाही सांगितलं, काकू."



म्हणूनच माझ्या पत्रकाला दोन बाजू आहेत. पुढची बाजू जाणाऱ्यांसाठी. मागची घरच्यांसाठी, आणि ती जास्त कडक आहे. शोध घ्यायला आम्हाला लागतं ते ठिकाण, आणि ते घरातच दाबलं जातं. मुलगा सॅक भरताना दिसला की आपण विचारतो, कशाला जातोस? तिथेच तो खोटं बोलायला लागतो. आधी 'कुठे' विचारा. उत्तर आवडलं नाही तरी लिहून घ्या, आणि मग खुशाल भांडा.