झाकलेल्या गाडीचा इतिहास

स्टाफरूममध्ये हल्ली कुणी जर्मन गाड्यांचा विषय काढला, की मी वह्या तपासायला घेते. सगळ्यांना कारण माहीत आहे, म्हणून तर ते विषय काढतात. तुम्हाला माहीत नाही, तेव्हा तुम्हाला सांगते. माझी जितकी फजिती झाली तितकी सगळी सांगते, काही लपवत नाही.

मी पनवेलला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. सत्तावीस वर्षं झाली. उलव्याचा नितेश माझा जुना विद्यार्थी, आणि त्याचे वडील काशिनाथशेठ. मिठागरावर मीठ ओढून मोठा झालेला माणूस. पुढे जमिनी गेल्या, विमानतळ आला, आणि शेठनी खडी-रेतीचा धंदा उभा केला. आता त्यांचा बंगला आहे आणि बंगल्यासमोर मंडप घालता येईल एवढं अंगण आहे.

तर एका दुपारी शेठचा फोन आला.

"बाई, आमी नवीन गाडी घेतली. जर्मनीची. रविवारी पूजा हाय. तुमी यायचं आनि त्या कंपनीचा इतिहास सांगायचा."

"इतिहास? पूजेत?"

"दहा मिनटं. कंपनी कशी चालू झाली, किती नाव हाय, सगळं. लोकांना कळलं पायजे."

आता हे मला विचित्र वाटायला हवं होतं की नाही? गाडीच्या पूजेला नारळ फोडतात, पेढे वाटतात, भाषण कोण ठेवतं? पण इतिहासाच्या शिक्षिकेला सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून "इतिहास सांगा" म्हणत होतं. मी लगेच हो म्हटलं.

"गाडी कुठली ते माहीत हाय ना? ती गोल शिक्क्यावाली," शेठ म्हणाले.

"माहीत आहे," मी म्हटलं.

आणि मला खरंच माहीत होतं, असं मला वाटलं. पंधरा दिवसांपूर्वी नितेशच्या बहिणीचा साखरपुडा झाला होता. त्याचा फोटो शेठनी मोबाइलवर स्टेटसला ठेवला होता. एका काळ्या चकचकीत गाडीला टेकून शेठ उभे, आणि गाडीच्या नाकावर गोल चिन्ह. ती कंपनी कुठली ते मी नीट बघून ठेवलं होतं.

जर्मनीत गोल शिक्क्याच्या कंपन्या एकापेक्षा जास्त आहेत, हे तुम्हाला ठाऊक असेल. मलाही ठाऊक होतं. पण माझ्यापुरता प्रश्न सुटला होता.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ही बातमी सांगितली. आमचे खेळाचे सर डबा खात होते. ते घास थांबवून म्हणाले, "बाई, तुम्ही गाडीवर बोलणार? तुम्हाला क्लच आणि ब्रेक वेगळा सांगता येतो का?"

सगळे हसले. मी हसले नाही. मी त्याच क्षणी ठरवलं, की उलव्यात असं भाषण द्यायचं की शोरूमवाल्यांनी येऊन टिपणं काढावीत.

आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही. शाळेतून आले की वाचायला बसायचे. आणि खरं सांगते, इतिहास मोठा झकास निघाला. ज्या माणसाच्या कारखान्यातून पुढे ही कंपनी उभी राहिली, त्याने घोड्याशिवाय चालणारी गाडी बनवली, पण ती लोकांसमोर नेण्याचा त्याला धीर होईना. शेवटी त्याच्या बायकोने नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, दोन मुलांना बसवलं आणि थेट माहेर गाठलं. वाटेत इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. नळी तुंबली तर हॅटची पिन घालून मोकळी केली. मी हे वाचलं आणि खेळाच्या सरांची फार आठवण आली.

युद्धाच्या काळात या कारखान्यांत पकडून आणलेल्या माणसांना राबवून घेतलं, तेही पान मी वाचलं. ते पेढ्यांबरोबर सांगण्यासारखं नव्हतं. पण वहीत लिहून ठेवलं, कारण ते गाळलं तर तो इतिहास राहत नाही, जाहिरात होते.

एवढ्यावर मी थांबले असते तरी चाललं असतं. पण भाषणाला चव यावी म्हणून मी दुसऱ्या एका जर्मन कंपनीशी तुलना घातली. तिचाही शिक्का गोलच. ही दुसरी कंपनी आधी विमानांची इंजिनं बनवायची. जर्मनी दुसरं महायुद्ध हरल्यावर तिच्यावर भांडी आणि सायकली बनवायची वेळ आली. पुढे तर ती इतकी खंगली, की आपल्या पहिल्या कंपनीनेच तिला विकत घ्यायचा घाट घातला. किती छान मुद्दा. मी त्याच्याखाली दोन रेघा मारल्या.

शनिवारी आमचे हे म्हणाले, "एकदा नितेशला फोन करून गाडी कुठली ते विचारून घे."

"मी फोटो पाहिलाय."

"तरी विचार."

"आठवडाभर तयारी करून आता 'तुमची गाडी कुठली' असं विचारू? काय म्हणतील?"

हे गप्प बसले. यांचं हे गप्प बसणं मी संमती समजते. ते तसं नसतं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नाही.

रविवारी आम्ही उलव्याला पोचलो. बंगल्याच्या फाटकापाशीच फोटोतली ती काळी गाडी उभी होती. नितेश पुढे आला.

"बाई, ही आमच्या व्याह्यांची. दामोदरशेठ उरणवरनं आलेत."

मी मनात म्हटलं, बघा, व्याह्यांचीही त्याच कंपनीची. दोन्ही घरं एका विचाराची आहेत. आता तुम्ही म्हणाल, बाई, तिथे तरी डोक्यात प्रकाश पडायला नको होता का? फोटोतली गाडी व्याह्यांची, तर मग शेठची कुठली? नाही पडला. माझ्या डोक्यात भाषण होतं, दुसऱ्या कशालाही जागा नव्हती.

मंडपाच्या मधोमध शेठची नवी गाडी उभी होती, पण चाकांपर्यंत लाल सॅटिनच्या कापडाने झाकलेली. माझ्या भाषणानंतर कापड काढायचं, मग नारळ, असा बेत होता. पुढच्या खुर्च्यांवर व्याही मंडळी. दामोदरशेठ पांढऱ्या सफारीत, मांडीवर मोबाइल ठेवून ऐसपैस बसले होते. काशिनाथशेठनी माझ्या हातात माइक दिला आणि हळूच म्हणाले, "बाई, जोरात सांगा. पुढच्या रांगेला नीट ऐकू गेलं पायजे."

मी जोरात सांगितलं.

सुरुवात त्या बायकोच्या प्रवासाने केली. हॅटच्या पिनेला बायका हसल्या. मग म्हटलं, "जगातल्या पहिल्या मोटारींशी जिचं नातं आहे, अशी ही कंपनी. आणि तिचं चिन्ह आज आपल्या दारात आलंय." कंपनीचं नावही घेतलं, एकदा नाही, चार वेळा.

दामोदरशेठ ताठ बसले. त्यांनी मोबाइल खिशात घातला आणि मान डोलवायला लागले. मला वाटलं, हा माणूस खरा श्रोता आहे. मी त्यांच्याकडेच बघून बोलायला लागले.

एका बाजूने काशिनाथशेठ हात हलवत होते. तळहात खाली करून, पुरे पुरे असे. मला वाटलं, स्तुती ऐकून संकोचले. मागे नितेश दोन्ही हातांनी काहीतरी गोल काढून दाखवत होता आणि मग मान नाही म्हणून हलवत होता. वर्गातही तो असेच हातवारे करायचा. तेव्हाही मी लक्ष दिलं नव्हतं.

"आता तुम्ही विचाराल," मी म्हटलं, "जर्मनीत दुसऱ्या कंपन्या नाहीत का? आहेत ना." आणि मी त्या दुसऱ्या कंपनीचं नाव घेतलं. "पण युद्धानंतर तिच्यावर पातेली बनवायची वेळ आली होती. पातेली. आणि पुढे तर ती विकायला निघाली, तीही कुणाला, तर आपल्याच कंपनीला. तेव्हा काशिनाथशेठनी गाडी घेताना इतिहास बघून घेतली, याबद्दल मी त्यांचं अभिनंदन करते."

व्याह्यांच्या बाजूने जोरदार टाळ्या पडल्या. फक्त व्याह्यांच्या बाजूने. दामोदरशेठ तर उभे राहून टाळ्या वाजवत होते.

काशिनाथशेठच्या बाजूला सगळे खाली बघत होते. हे मात्र माझ्या लक्षात आलं. मला वाटलं, भारावले.

मग गुरुजींनी खूण केली, दोन पोरींनी कापडाची टोकं धरली आणि कापड खाली घसरलं.

गाडी निळी होती, सुंदर होती, आणि तिच्या नाकावर गोल शिक्का होता. पातेल्यांच्या कंपनीचा.

मी माइक हातात धरून उभी होते.  आमचे हे शेवटच्या रांगेत होते, त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. नितेश माझ्याजवळ आला आणि कानात म्हणाला, "बाई, साखरपुड्यात व्याहीकाकांनी सगळ्यांसमोर त्यांच्या कंपनीचा इतिहास सांगितला होता. म्हणाले, आमची गाडी खानदानी. बाबांना ते लागलं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

म्हणजे शेठनी मला व्याह्यांना उत्तर द्यायला आणलं होतं, आणि मी व्याह्यांच्या बाजूने निकाल देऊन मोकळी झाले होते.

दामोदरशेठ प्रेमाने म्हणाले, "बाई, अगदी खरं बोललात."

काशिनाथशेठ खाली पडलेल्या लाल कापडाची घडी घालायला लागले. साठीचा माणूस, नवीन झब्बा घातलेला, स्वतःच्या मंडपात परक्यासारखा उभा होता. ते मला बघवेना. त्या क्षणी मी खाली बसले असते तर आयुष्यभर बसूनच राहिले असते. मी माइक पुन्हा तोंडाजवळ नेला.

"थांबा," मी म्हटलं. "माझी चूक झाली. शेठची गाडी कुठली ते मी विचारलंच नाही. आणि मी या कंपनीचा अर्धाच इतिहास सांगितला. उरलेला आता सांगते."

मंडप शांत झाला. दामोदरशेठही बसले.

"कारखाने मोडले, इंजिनं बनवायला बंदी आली, तेव्हा या लोकांनी हात बांधून बसण्यापेक्षा पातेली केली, सायकली केल्या. मिळेल ते काम केलं. पुढे दुसऱ्या मोठ्या कंपनीने त्यांना विकत घ्यायचं ठरवलं. सगळं ठरल्यातच जमा होतं. पण सभेत लहान लहान हिस्सेवाले उभे राहिले आणि म्हणाले, आमची कंपनी विकायची नाही. आणि ती विकली गेली नाही. आज ती कुठे आहे, ते तुमच्यासमोर उभं आहे."

विमानतळापायी जमिनी गेलेल्या उलव्यातल्या माणसांना विकणं न विकणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. मागच्या खुर्च्यांवरचे म्हातारे पुढे सरकून ऐकत होते. मी शेठकडे बघून म्हटलं, "ज्यांनी मीठ ओढलंय, त्यांच्या दारात हीच गाडी शोभते."

मग एक गोष्ट घडली, ती मी ठरवून घडवलेली नाही. शेठच्या पत्नी, काकी, ताट घेऊन औक्षणाला उभ्या होत्या. त्यांनी ताट सुनेकडे दिलं, गाडीजवळ गेल्या आणि बोटाच्या पेराने बॉनेटवर दोनदा वाजवून बघितलं.

"पातेली बनवीत व्हते ना?" त्या म्हणाल्या. "मंग पत्रा चांगला असंल."

आख्खा मंडप हसला. काशिनाथशेठ हसले. दामोदरशेठ सगळ्यात उशिरा हसले, पण हसले. नारळ फुटला, चाकाखाली लिंबं ठेवली गेली, पेढे वाटले गेले. जेवताना शेठ माझ्या पानाशी येऊन म्हणाले, "बाई, दुसरं भाषण चांगलं झालं. पहिलं कायला केलं?"  मी भात मागून घेतला.

सोमवारी स्टाफरूममध्ये खेळाच्या सरांनी विचारलं, भाषण कसं झालं. मी म्हटलं, दोन्ही बाजूंना आवडलं. हे खोटं नव्हतं. खरी हकीकत त्यांना आमच्या ह्यांनीच बाजारात सांगितली.

महिनाभराने पुन्हा शेठचा फोन आला. आवाज एकदम खुशीत.

"बाई, आमचे व्याही आता नवीन गाडी घेतात. उरणला पूजा हाय. भाषणाला बाईंनाच बोलवा, असं मी त्यांना सांगितलंय."

मला बरं वाटलं. आता मात्र मी शहाणी झाले होते. म्हटलं, "नक्की येते. आधी सांगा, त्यांची गाडी कुठल्या कंपनीची?"

"ते तुमाला कशाला पायजे?" शेठ म्हणाले. "तुमी आमच्या गाडीचंच बोला."

फोन ठेवल्यावर मी वह्या तपासायला घेतल्या. सत्तावीस वर्षं इतिहास शिकवून उलव्यापासून उरणपर्यंत माझं नाव झालं ते चुकीच्या गाडीवर बोलणारी बाई म्हणून, आणि आता त्या कामाची आमंत्रणं येऊ लागली होती.