स्टिअरिंगवरची चार बटणं

डिसेंबर २००६ मध्ये वडिलांच्या आठ वर्षं जुन्या गाडीच्या स्टिअरिंगवर टेपची बटणं बसवली. त्यानंतर नवव्या दिवशी, गारगोटी रस्त्यालगतच्या एका खेड्यात, त्या गाडीचा हॉर्न बंद पडला. गाडीत तिघं होतो. वडील चालवत होते, मी त्यांच्या शेजारी आणि आई मागे. हॉर्न बंद आहे हे पहिले दोन तास तिघांपैकी कुणालाही माहीत नव्हतं.

बटणं बसवण्याचं कारण त्याआधी दोन महिने घडलं होतं. वडील तेव्हा सहासष्ट वर्षांचे, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. वर्षभरापूर्वी न्हाणीघरात पाय घसरून त्यांचा उजवा खांदा मोडला होता. हात बरा झाला, पण त्यातला जोर पूर्वीचा राहिला नाही. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली नव्हती. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, एवढंच सांगितलं होतं.

दर पौर्णिमेला आई आणि वडील दोघं नृसिंहवाडीला जात. ऑक्टोबरातल्या पौर्णिमेला परत येताना वडिलांनी गाणं बदलायला डावा हात टेपकडे नेला. टेप जाऊन तिथे सीडी प्लेअर आला होता, पण घरात त्याला टेपच म्हणत. स्टिअरिंग एकट्या उजव्या हातात राहिलं. गाडी डावीकडे सरकत गेली, दोन चाकं रस्ता सोडून खाली उतरली आणि मैलाच्या दगडाअलीकडे गाडी थांबली. किती अलीकडे, याबद्दल दोघांचं एकमत नव्हतं. वडिलांच्या म्हणण्याप्रमाणे दगड दहा फूट लांब होता. आईच्या म्हणण्याप्रमाणे तिला त्यावरचा आकडा चष्म्याशिवाय वाचता येत होता.

दोघं घरी पोचले. पुढच्या सोप्यात पाय ठेवल्यावर आईने हात पुढे केला.

"किल्ली द्या हिकडं."

"हाताचा काय संबंध? टेप खाली बसवलाय, त्येचा दोष हाय."

"मग टेप काढा."

"टेप काढला तर झोप येती."

"झोप येती तर घरात झोपा की. त्येला गाडी कशाला पायजे?"

किल्ली आईच्या कनवटीला गेली. पुढचे सहा आठवडे वडील रोज सकाळी गाडी पुसत होते. ती दारातून हललेली नसली तरी पुसत होते. मला गाडी चालवता येत नव्हती, आईलाही नाही. चालवणारे ते एकटेच होते.

मी काम करत होतो त्या दैनिकातल्या एका सहकाऱ्याच्या नव्या गाडीत मी स्टिअरिंगवरची बटणं पाहिली होती. आवाज वर, आवाज खाली, पुढचं गाणं, मागचं गाणं. चारही अंगठ्याच्या टप्प्यात. रात्री जेवताना मी ते सांगितलं. वडिलांनी घास हातात धरून ऐकलं. आईने एकच चौकशी केली.

"म्हंजी हात सोडायला लागत न्हाई?"

"नाही."

"तू सांगतोस न्हवं?"

"मी सांगतो."

आईने अट घातली. बटणं बसवायची तर बसवा, पण पुन्हा एकदा काही झालं तर गाडी विकायची आणि त्यावर कुणी बोलायचं नाही. वडिलांनी मान हलवली. ही अट पुढे कुणी नाकारली नाही.

उद्यमनगरच्या मागच्या बाजूला गाड्यांचं वायरिंग करणाऱ्याचं एक दुकान होतं. दुकानदार चाळिशीचा, एकटाच काम करायचा, आणि गिऱ्हाईक बोलत असलं तरी हातातलं काम थांबवत नसे. आमच्याच गाडीच्या वरच्या मॉडेलला ही बटणं कंपनीतूनच येत होती. तसली एक गाडी अपघातात मोडून भंगारात आली होती. तिचं स्टिअरिंग त्याने मिळवलं आणि मला बोलावून घेतलं. स्टिअरिंगबरोबर बशीएवढी काळी प्लॅस्टिकची डबी होती.

"स्टेरिंग फिरतंय, गाडी फिरत न्हाय," तो म्हणाला. "मग मधली वायर पीळ पडून तुटणार का न्हाय? म्हणून ही डबी. आत फीत हाय, घड्याळाच्या स्प्रिंगीगत गुंडाळल्याली. हिकडं फिरवलं की सैल, तिकडं फिरवलं की घट्ट. बटणांची वायर ह्येच्यातनं. आता हॉर्नबी ह्येच्यातनंच."

"आणि तुटली तर?"

"पावणं, गाडी मोडली पर ही मोडली न्हाय. कंपनीचा माल हाय."

अशी फीत बसवण्यापूर्वी ती मध्यावर आणावी लागते. दोन्ही बाजूंना सारखे वेढे फिरतील अशी. हे मला नंतर कळलं. त्या दुपारी तो ते करताना मी पाहिलं नाही. केलं की नाही, असंही विचारलं नाही.

दुकानासमोर पिंपळाचा पार होता आणि पारावर मारुतीची मूर्ती. स्टिअरिंगचं कुठलंही काम झालं की गाडीने पाराला पाच प्रदक्षिणा घालायच्या आणि मग नारळ फोडायचा, हा दुकानाचा रिवाज होता. गाडीची चाचणीही त्यातच होत असे. जागा कमी होती, त्यामुळे पाचही फेऱ्यांत स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवून धरावं लागे. फेऱ्या दुकानदाराने स्वतः मारल्या. वडील शेजारच्या सीटवर होते. प्रत्येक फेरीला तो बटणं दाबत होता. गाणी बदलत होती, आवाज वरखाली होत होता, हॉर्नही वाजला. खाली उतरल्यावर वडील म्हणाले, "याला म्हणतात काम."

प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो. पाचही फेऱ्या उजवीकडच्या होत्या.

पुढचे आठ दिवस गाडी कोल्हापूर शहरातच फिरली. बँक, मंडई, रंकाळा. या रस्त्यांवर स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत वळवण्याची वेळ आली नाही. मी दोनदा शेजारी बसलो आणि दोन्ही वेळा वडिलांच्या हातांकडे पाहत राहिलो. हात जागेवर होते. घरी आल्यावर आई मला विचारायची, वडिलांना नाही. "सोडला का हात?" मी नाही म्हणायचो. आठव्या दिवशी तिने कपाटातून प्रवासाची पिशवी काढली.

नववा दिवस रविवार होता. मावशीकडे जेवण होतं. मावशीचं गाव मुदाळ तिट्टा या तीन रस्त्यांच्या नाक्याच्या पुढे, मुख्य रस्त्यापासून आत. गावाचा फाटा डावीकडे, पण मागच्या अंगाला वळलेला. तिथे वडिलांनी स्टिअरिंग डावीकडे पुरतं फिरवलं. खालून 'कट्' असा आवाज आला. वडील म्हणाले, दगड उडाला. आई म्हणाली, सावकाश. गाडी मावशीच्या दारात लावली तेव्हा अकरा वाजून गेले होते.

एकच्या सुमारास आईची पिशवी आणायला मी गाडीकडे गेलो. किल्ली फिरवून टेप लावला आणि आवाज कमी करायला बटण दाबलं. कमी झाला नाही. दुसरं दाबलं. काही झालं नाही. मग डबीबद्दलचं दुकानदाराचं बोलणं आठवलं आणि मी हॉर्न दाबला.

वडिलांना मी हळूच बाहेर बोलावलं.

"आबा, हॉर्न गेलाय."

त्यांनी स्वतः तीनदा दाबून पाहिला. "फ्यूज असंल."

फ्यूज काढून पाहिला. शाबूत होता.

"आईला सांगायचं?"

"हॉर्नवर गाडी चालती काय?" ते म्हणाले. घराच्या दाराकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "घरात गेल्यावर सांगू. बटणं बंद हाईत म्हणून मी हात सोडणार न्हाई, ह्ये मी तुला सांगतो."

रविवार असल्याने तिट्ट्यावरची दोन्ही गॅरेजं बंद होती. मावशीच्या घरून फोन करून मी ते विचारून घेतलं. आईला मी काही सांगितलं नाही.

चार वाजता निघालो. ऊसतोडीचा हंगाम होता. रस्त्यावर बैलगाड्यांच्या रांगा, दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरवर वाजणारी गाणी. मागून आलेल्या गाडीची चाहूल हॉर्नशिवाय कुणाला लागणं शक्य नव्हतं. वडील तिसाच्या वर गेले नाहीत. पुढे जायचं झालं की दिवे लावून विझवत होते. भर उन्हात ते कुणाला दिसत नव्हते. मी डावीकडची कड बघत होतो, आणि मधूनमधून आरशात आई.

"एवढं सावकाश का?" तिने विचारलं.

"तूच म्हणतीस न्हवं, सावकाश," वडील म्हणाले.

"आणि दिवं कशाला लावताय दिवसाचं?"

वडिलांनी पुढच्या बैलगाडीसाठी पुन्हा दिवे लावले.

पुढे एक अरुंद पूल आहे. पुलाच्या मधोमध एक माणूस सायकलवर वैरणीचा भारा बांधून चालला होता. भाऱ्यामुळे त्याला मागचं दिसत नव्हतं. समोरून ट्रॅक्टर पुलावर चढत होता. वडिलांनी सवयीने हॉर्न दाबला. पुन्हा दाबला. मग ब्रेक. गाडी थांबली तेव्हा वैरणीची टोकं बॉनेटवर टेकली होती.

सायकलवाल्याने पाय टेकून मागे पाहिलं.

"आवो पावणं, तोंडानं तरी वरडा की! मुक्यानं काय येताय मागनं? चोरी करायला निघालाय काय?"

तो कडेला झाला. ट्रॅक्टर गेला. पूल ओलांडल्यावर आई म्हणाली, "थांबवा."

वडिलांनी गाडी कडेला घेतली.

"तुम्ही दोनदा दाबला. वाजला न्हाई."

वडिलांनी इंजिन बंद केलं.

"कवापास्नं?"

"जाताना फाट्यावर वळलो तेव्हापासून," मी म्हणालो.

"तुला म्हाईत हुतं."

मी हो म्हणालो.

ती खाली उतरली. एसटीचा थांबा शंभर पावलांवर होता आणि ती तिकडे जाईल असं मला वाटलं. तिने माझ्या बाजूचं दार उघडलं.

"तू मागं बस."

पुढे बसून तिने काच पूर्ण खाली केली, उजव्या हाताने डॅशबोर्ड धरला आणि डावा हात बाहेर काढला. तिथून कोल्हापूरपर्यंत प्रत्येक वळणावर, प्रत्येक बैलगाडीमागे ती दारावर बाहेरून थापा मारत राहिली. "अवो दादा, सरका बाजूला! हॉर्न न्हाई आमाला!" काही गाडीवान हसले, काहींनी शिव्या दिल्या, सगळे सरकले. वडिलांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. तिच्या डाव्या हातातल्या दोन बांगड्या फुटल्या. घरी पोचायला साडेसहा वाजले.

वडिलांनी किल्ली मागण्याची वाट पाहिली नाही. सोप्यातल्या टेबलावर ठेवली आणि आत गेले. आईने तिला हात लावला नाही. त्या रात्री विक्रीचा विषय कुणी काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मला तो दर क्षणी निघेल असं वाटत होतं.

विकायची असली तरी हॉर्न हवाच होता, म्हणून मंगळवारी दुकानदाराला घरी बोलावून गाडी त्याच्या दुकानात नेली. त्याने स्टिअरिंग उतरवलं, डबी उघडली. फीत टोकाजवळ तुटली होती. दुसरी, धड डबी आणून त्याने ती हातात फिरवून दाखवली. मध्यावर असताना दोन्हीकडे जवळजवळ अडीच वेढे. मग आमची कशी बसली होती ते लावून दाखवलं. उजवीकडे चार वेढे, डावीकडे एकही पुरता नाही.

"चूक माजी हाय," तो म्हणाला. "मध्यावर आणायची ऱ्हायली. आन् फेऱ्यांत कळाय पायजे हुतं, पर फेऱ्या समद्या उजव्याच."

"मग आता उलट्या मार पाच," वडील म्हणाले.

त्याने दोन्ही कानांना हात लावला. "मास्तर, मारुतीला उलटं फिरवू? मला हितंच दुकान चालवायचं हाय."

"आनि मला गाडी चालवायची हाय."

शेवटी त्याने नेहमीच्या पाच प्रदक्षिणा घातल्या, नारळ फोडला, आणि मग गाडी मागच्या मोकळ्या मैदानावर नेऊन डावीकडे गोल फिरवली. वडील मोजत होते. पाच झाल्यावर त्यांनी आणखी पाच मारायला लावल्या. बटणं आणि हॉर्न दोन्ही चालू राहिली.

किल्ली पुन्हा टेबलावर आली आणि तिथेच राहिली.

पुढची पौर्णिमा आठवड्याच्या मधल्या दिवशी आली. माझी साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी सात वाजता आई पिशवी घेऊन सोप्यात आली.

"मी एसटीनं जाते वाडीला," ती वडिलांना म्हणाली. "तुमचं तुम्ही बघा."

तिच्यामागोमाग मी स्टँडपर्यंत गेलो. परत आलो तर टेबलावर किल्ली नव्हती आणि दारात गाडीही नव्हती. वडिलांचा मोबाईल कपाटावर चार्जिंगला लावलेला होता. आई मोबाईल वापरत नसे.

दर्शन आणि प्रसाद धरून दोघं एरवी दोनपर्यंत घरी येत. दोन वाजले, तीन वाजले. चार वाजता मी ऑफिसला फोन करून त्या रस्त्यावरची काही बातमी आली आहे का विचारलं. आलेली नव्हती. साडेपाचला पुन्हा विचारलं. फोनवरच्या उपसंपादकाने विचारलं, कसली बातमी हवी आहे. मी म्हणालो, कसलीही नको. सहा वाजता मी स्टँडवर जाऊन वाडीहून आलेल्या दोन एसटी गाड्या पाहिल्या. त्यांत आई नव्हती.

पावणेसात वाजता गाडी दारात येऊन थांबली. वडील चालवत होते. आई पुढच्या सीटवरून उतरली. "वाडीच्या थांब्यावर चार वाजेपर्यंत गाडी घिऊन हुबं हुतं, म्हणून बसले," ती मला म्हणाली, "हात सोडला न्हाई."