मध्यंतराला बंद पडलेला संघ आणि आमचा भिवादादा

भिवादादा गेला.

नीट टाइपही होत नाहीये.

काल संध्याकाळी तर माएबूर्गच्या बाजारात भेटला होता. हातात मासळीची पिशवी. "रविवारी ये जेवायला," म्हणाला.

आज सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला. चहा मागितला आणि खुर्चीतच गेला.

मला अजून कळतच नाहीये.

तुम्हा तरुणांना तो हॉटेलच्या बागेतला म्हातारा माळी म्हणून माहीत. तो आमचा कॅप्टन होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. तेव्हा आपल्या या बेटावरचे फुटबॉल क्लब जातधर्म बघून चालायचे. हिंदूंचा वेगळा, मुसलमानांचा वेगळा, क्रेओल लोकांचा वेगळा.

एका व्यापाऱ्याने सगळ्यांना एकत्र घेऊन पगारी संघ काढला. खेळायचा पगार. घरचे हसायला लागले.

भिवादादाने त्यासाठी साखर कारखान्यातली पक्की नोकरी सोडली.

दुसरा सीझनसुद्धा पुरा झाला नाही.

एका मॅचच्या मध्यंतराला व्यापाऱ्याचा मॅनेजर ड्रेसिंग रूममध्ये आला. "फिनी, संपलं. संघ आजपासून बंद. मायो काढून द्या."

मायो म्हणजे अंगातल्या जर्सी. तिथल्या तिथे.

गोलकीपर भिंतीकडे तोंड करून बसला. मी नुसता बुटाची नाडी सोडत होतो, पुन्हा बांधत होतो.

दादाने जर्सी काढली, घडी घातली, मॅनेजरच्या हातात दिली.

"अर्धी मॅच बाकी हाय," तो आम्हाला म्हणाला. "लोक बाहेर बसलेत."

आणि तसाच उघड्या अंगाने समोरच्या संघाच्या दारात गेला. त्यांच्या कॅप्टनला सगळं सांगितलं. तो बघतच राहिला. मग त्याने सरावाच्या जर्सींची बॅग पुढे केली.

"प्रां सा, फ्रेर." घे भावा.

त्यांच्याच जर्सी घालून आम्ही त्यांच्याशी खेळलो. जीव तोडून खेळलो. शेवटी शेवटी एक बॉल अडवताना दादाचा पाय मोडला.

हरलो. संघ संपला.

पाय बरा झाला, पण कारखान्याने त्याला परत घेतलं नाही.

खूप वर्षांनी एकदा विचारलं, "दादा, नोकरी सोडल्याचं वाईट वाटतं का रे तुला?"

तो गुलाब छाटत होता. हात थांबला नाही.

"माझ्या बापाला दिवसभर ऊस तोडून पोटभर मिळत नव्हतं. मला खेळायचा पगार मिळाला. थोडे दिवस का होईना, मिळाला ना?"

आत्ता त्याच्या घरूनच आलो. वहिनी रडत नव्हत्या. दाराकडे बघत बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "उचलायला संघातलेच या."

उरलोय तेवढे सगळे येतोय. गोलकीपर नुव्हेल फ्रांस गावाहून निघालाय.

भिवादादा, तुला खांदा द्यायची वेळ आज येईल असं वाटलं नव्हतं रे.

कॅप्टन, शेवटचा नमस्कार.