डॉक्टरीणबाईंसाठी खणनारळ

काय झालं म्हणून विचारताय? ऐका. हसायचं तर हसा, माझ्यात रागवायचंही त्राण उरलेलं नाही.

माझी ताई छातीतल्या गाठीनं गेली. लाजेपायी तिनं ती आईलासुद्धा दाखवली नव्हती. ती गेल्यापासून मी पोशीरहून भातगिरणीवर जायला निघायचो आणि कर्जतच्या दवाखान्यासमोर चहा पीत बसायचो. का? मलाच ठाऊक नाही.

तिथं शिकाऊ डॉक्टर यायचे. पुढं काय शिकायचं, यावर त्यांचा वाद. कुणाला हाडं, कुणाला हृदय. एक डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला बायकांच्या छातीचे एक्स-रे शिकायचेत. हाताला लागायच्या आधी गाठ दिसते त्यात."

बाकीचे हसले. "अगं, इथं बायका पदर सरकवत नाहीत, फोटो काय काढून घेणार? उपाशी मरशील!"

"तेही खरंच. बघते दुसरं काही."

दुसरं? माझा चहा सांडला! बाईंना शब्दात बांधायलाच हवं. आमच्याकडे शब्द पक्का करायचा म्हणजे नारळ-सुपारी. वर बाईमाणूस, म्हणून खण. सकाळी नवा सदरा घातला, ताट घेतलं आणि निघालो.

बाईंच्या खोलीच्या वाटेवर, भिसेगावात, माझी आत्या आडवी आली. "कुठं रं नटून?"

"डॉक्टरीणबाईंचा शब्द घ्यायला."

आता तुम्हीच सांगा, तरणा पोरगा, नवा सदरा, हातात खणनारळ! मला सोडून सगळ्यांना कळलं. बाईंच्या दारात पोचलो, तर मागं आत्या आणि तिची अख्खी आळी, नवरी बघायला!

"मेल्या, बहिणीचं वरीस नाय झालं, आन् तुला लगीन सुचतंय?" आत्या कडाडली.

ताईचं नाव निघालं आणि मला रडू फुटलं.

"अगो बाय, जीव जडलाय गं पोराचा!" आळीतली एक म्हातारी म्हणाली.

बाई बाहेर आल्या. मी ताट पुढं करून कसंबसं म्हणालो, "ते छातीच्या फोटोचं सोडू नका. ताई गेली माझी."

बाईंनी ताट घेतलं. "नाही सोडत. पण आधी ह्या सगळ्या बायकांना एकेक करून तपासायला आत पाठव."

आत्या शेवटी बाहेर आली, पदर सावरत. "पोरगी चांगली हाय रं. हात हलका हाय."

बाई तेच शिकायला मुंबईला गेल्या. आणि मी? ताईचं वर्ष झाल्यावर आईनं माझ्यासाठी मुली बघायला घेतल्या. कर्जत म्हणू नका, खालापूर म्हणू नका, उत्तर एकच, "त्याचं त्या डॉक्टरणीशी ठरलंय ना?"

मी खुलासा करायला तोंड उघडतो. सुरुवात ताईपासून करावी लागते, आणि रडू येतं.

मग त्यांची खात्रीच पटते.