साबुदाण्याची बंदूक

मी एकदा एका बंदुकीला खोबरेल तेल पाजलं. चांगलं अर्धी वाटी. वर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं, हात जोडले. तेव्हा मी जेमतेम सदुसष्ट वर्षांची होते, म्हणजे वय तसं अल्लडच. अक्कल यायला अवकाश होता. बंदूक माझी नव्हती, माझ्या व्याह्यांची, माधवरावांची होती. त्या अर्ध्या वाटी तेलापायी मी त्या भल्या माणसाचे रविवार खाल्ले आणि वर ढेकर दिली. तेव्हा आधी माधवराव कोण ते सांगते.

माधवराव म्हणजे माझ्या जावयाचे, निखिलचे वडील. ऑकलंडमध्ये, माउंट वेलिंग्टनच्या घरात आम्ही दोघं एकाच छपराखाली राहत होतो. पुण्यात हे ऐकून लोकांच्या भुवया वर गेल्या असत्या. विहीण-व्याह्यांनी लग्नामुंजीत भेटावं, एकमेकांना मानाच्या खुर्च्या द्याव्यात आणि आपापल्या घरी जावं. पण इथे माझी मंजिरी आणि निखिल दोघं कामावर, नात इरा शाळेत, माझे यजमान गेलेले, माधवरावांची बायको सुधाताई गेलेली. मग एक खोली त्यांना, एक मला आणि मधे एक न्हाणीघर. आमची सगळी भांडणं त्या न्हाणीघराच्या दारात व्हायची, आणि ती मीच काढायची. ते मला ‘विहीणबाई’ म्हणायचे, तेही इतक्या मोठ्याने की शेजारची म्हातारी मला ‘मिसेस बाई’ म्हणायला लागली. माधवरावांना ऐकू फार कमी यायचं.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. जेवता जेवता ते सारखे स्वेटरच्या आत हात घालून पोटाशी काहीतरी चाचपत होते. मला वाटलं, कंबरपट्टा असेल. विचारलं, तर गर्जले, “मॅगझिन आहे. उबेला ठेवलंय.”

“मासिक?” मी म्हटलं. “पोटाशी? असलं कसलं वाचता हो, घरच्यांपासून लपवून?”

इराच्या तोंडातलं पाणी ताटात सांडलं. मग त्यांनी स्वेटर वर करून एक काळं, लोखंडी, चपटं डबडं बाहेर काढलं. बंदुकीत खालून बसवायचं. त्यात गॅस भरायचा आणि गोळ्या भरायच्या. थंडीत गॅसचा जोर मरतो, म्हणून रविवारी लुटुपुटीची लढाई खेळायला जाण्याआधी ते डबडं असं अंड्यासारखं उबवायचं. “आणि गोळ्या?” मी विचारलं. त्यांनी खिशातून चिमूटभर काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. पांढऱ्या, गोल, प्लास्टिकच्या, अगदी भिजवलेल्या साबुदाण्याएवढ्या.

“अगंबाई, मग ही बंदूक उपासाला चालत असेल,” मी म्हटलं. त्या दिवसापासून घरात तिचं नाव साबुदाण्याची बंदूक पडलं. पाडणारी अर्थातच मी.

ती दिसायची मात्र अगदी खऱ्या रायफलीसारखी. इथले नियम कडक. निखिलने ते सगळे वाचून वडिलांना बजावलं होतं, “बाबा, पिशवीच्या बाहेर ती फक्त खेळाच्या जागी. अंगणात काढलीत तर शेजारी पोलीस बोलावतील.” त्यामुळे ती गॅरेजमधल्या कपाटात कुलपात असे. पण माझा राग तिच्या दिसण्यावर नव्हता, किमतीवर होता. माधवरावांनी पेन्शनमधून पैसे साठवले होते ते कानाच्या यंत्रांसाठी. चांगली यंत्रं महाग असतात. निखिल अर्धे घालतो म्हणत होता. आणि हे गृहस्थ एक दिवस कानांऐवजी बंदूक घेऊन आले!

“बॅटरीची पुष्कळ स्वस्तात मिळते, आबा,” इरासुद्धा म्हणाली होती, इंग्रजीत. “हीप्स चीपर.”

“बॅटरीची घूं करते म्हणे, मिक्सरसारखी,” माधवराव म्हणाले. “मला ते घूं ऐकू येत नाही. गोळी सुटली की नाही ते मला कळणार कसं? हिच्यात गॅस आतला सगळा सांगाडा मागे ढकलतो. धक्का बसतो. खांद्याला कळतं.”

‘खांद्याला कळलं पाहिजे’ हे त्यांचं पालुपद. सगळी नोकरी पुण्यात संरक्षण खात्याच्या हिशेबाच्या कचेरीत गेली. रायफलींची बिलं पास करायची, रायफल कधी हातात नाही. तरुणपणी सैन्यात भरती व्हायला गेले, तर तळवे सपाट म्हणून परत पाठवलेले. मी म्हणायचे, “माधवराव, एवढे पैसे घातलेत, वसूल झाले का?” त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर: “किंमत दुकानदाराला विचारा, विहीणबाई. वसूल झाली की नाही ते खांद्याला.”

एका रविवारी मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेले. थट्टेला नवा माल हवा होता, दुसरं काय. ईस्ट टामाकीत एक रिकामं गोदाम होतं, त्यात लाकडी खोकी आणि जुने टायर रचलेले. तोंडावर जाळीचे मुखवटे घातलेली विशी-तिशीची पोरं, आणि त्यांत पांढऱ्या केसांचे माधवराव. त्यांच्या संघाचा मुख्य विरेमू नावाचा माणूस, सुतारकाम करणारा, दाराएवढा रुंद. तो माधवरावांना ‘मातुआ’ म्हणायचा. माओरी लोक वडीलधाऱ्यांना तसं म्हणतात. मला त्याने “किया ओरा, आँटी” म्हणून काचेमागच्या बाकावर बसवलं आणि चिप्सचं पाकीट दिलं.

खेळ सुरू झाला. मी माधवरावांवर नजर ठेवून होते. ते एका खोक्यामागे दबा धरून बसले होते, समोर कुणी दिसेना. आणि एकाएकी ते उठले, हात उंच केला, “हिट!” म्हणून असे ओरडले की माझ्या चिप्स सांडल्या, आणि निमूट चालत बाहेर आले.

“काय झालं?”

“लागली. दंडाला.”

“कोणी मारली?”

“ते नाही दिसलं.”

“त्यालाही दिसलं नसेल मग! कशाला उठलात? बसायचं गप्प!”

ते मुखवटा काढून घाम पुसत हसले. “साबुदाणा तो, विहीणबाई. कपड्यावर डाग पडत नाही, खूण राहत नाही. या खेळात पंच नाही. ज्याला लागली त्यानेच हात वर करायचा. तेवढ्यावरच सगळा खेळ उभा आहे.”

हे त्यांनी घरातही आणलं. कप फुटला की माधवरावांचा हात वर: “हिट! माझ्याकडून फुटला.” चकलीचा डबा रिकामा सापडला की हात वर. मग इराला ती सवय लागली, मग निखिलला, मग माझ्या मंजिरीलासुद्धा, जिने लहानपणी एकही चूक कबूल केली नव्हती, कारण ती माझी मुलगी. हात वर न करणारी घरात एकटी मीच राहिले. मी म्हणायचे, माझ्याकडून चुकतच नाही, तर काय करू?

आता ते तेल. खंडेनवमीला मी दरवर्षी हत्यारांची पूजा मांडते. इथे हत्यारं म्हणजे निखिलचा लॅपटॉप, मंजिरीच्या गाडीची किल्ली, मिक्सर, माझी विळी. त्या वर्षी पाटावर सगळं मांडलं आणि मला वाटलं, घरात खरं हत्यारासारखं हत्यार एकच, आणि तेच कुलपात. वर्षभर तिला नावं ठेवली, सणाच्या दिवशी तरी तिला पाटावर बसवावं. त्यात खोडीही होती, नाही म्हणत नाही. निखिल माधवरावांना घेऊन कानाच्या डॉक्टरकडे गेला होता. किल्ली कुठे असते ते मला ठाऊक होतं. मला काय ठाऊक नसतं!

माझे आजोबा नवमीला कोयत्याला तेल लावल्याशिवाय कुंकू लावू देत नसत. मीही लावलं. वरून लावून समाधान होईना, तेव्हा जिथे जिथे भोक दिसलं तिथे तिथे घातलं. ते उबवायचं डबडं होतं, त्याच्या तोंडातही धार सोडली. वर हळदकुंकू आणि कुंपणावरची पांढरी डेझी वाहिली. मग गाडीचा आवाज आला आणि माझी तारांबळ उडाली. ज्या वस्तूला खेळणं म्हणून वर्षभर हिणवलं, तिला मी नमस्कार केला हे माधवरावांना कळलं असतं तर त्यांनी मला जन्मभर सोडलं नसतं. पदराने पुसून, जशीच्या तशी ती कपाटात ठेवली. पाटावर विळी, मिक्सर, लॅपटॉप. मी साळसूद.

खोबरेल तेलाचं इथल्या थंडीत काय होतं हे मला माहीत नव्हतं का? न्हाणीघरातली माझी स्वतःची बाटली रोज सकाळी गरम पाण्यात बुडवून बसत होते मी! ऑकलंडचा वसंत म्हणजे नावाचा वसंत. पण डोक्यात तेव्हा अक्कलही गोठलेली.

त्या रविवारी त्यांचा मोठा सामना होता. विरेमूने प्रथमच त्यांना निशाण राखायला उभं केलं होतं. आठवडाभर ते तेच बोलत होते. संध्याकाळी परत आले ते पिशवी छातीशी धरून. “गॅस धरत नाही,” म्हणाले. “दोनदा फुसफुसली आणि बसली. निशाण गेलं.” मग गॅरेजमध्ये जाऊन बराच वेळ त्या डबड्याकडे बघत बसले. मी दारातून पाहिलं आणि पाय न वाजवता मागे फिरले.

जेवताना म्हणाले, “विहीणबाई, तुमचं खरं होतं. पैसे फुकट गेले.”

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते ताटापुढची पोरगीसुद्धा सांगेल. मी काय केलं? एक वर्ष चाललेला वाद मी जिंकले होते. मी त्यांच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली, वर तूप घातलं आणि म्हटलं, “मी म्हणतच होते. आधी कान घ्यायचे.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि पोळी खाल्ली.

ते पुन्हा खेळायला गेले नाहीत. विरेमूने दोनदा फोन केला, “आणा, बघतो मी.” माधवराव म्हणाले, “राहू दे.” रविवारी सकाळी आंघोळ करून, बूट घालून खिडकीशी बसायचे, आणि थोड्या वेळाने बूट काढायचे. मी रोज ठरवायचे, आज सांगते. रोज काहीतरी निघायचं, डोसे, पाहुणे, माझा गुडघा. दिवस गेले तसं सांगणं आणखी जड झालं. पुढच्या थंडीत त्यांनी जाहीर केलं, “पुण्याला जातो. लेकीकडे. इथे आता करमत नाही.” निखिलने विनवलं, इरा रडली. मी मान खाली घालून भाजी चिरत राहिले. का करमत नाही ते घरात मला एकटीलाच माहीत होतं, असं मला वाटत होतं.

माधवराव गेल्या वर्षी पुण्यात वारले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. कानाची यंत्रं त्यांनी शेवटपर्यंत घेतली नाहीत. मला ते आठवतात ते मात्र इथून निघायच्या आदल्या दुपारचे, गॅरेजमधले.

बंदूक विमानातून नेणं शक्यच नव्हतं. त्यांनी ती विरेमूला देऊन टाकली. तो घ्यायला आला आणि तिथेच, शटर ओढून, टेबलावर कागद अंथरून त्याने ती उघडली. माधवराव खुर्चीवर मँडरिन, म्हणजे इथलं छोटं संत्रं, सोलत बसले होते. इरा शेजारी. मी चहाचा ट्रे घेऊन दारात.

विरेमूने सळईच्या टोकाने आतून पांढरा गोळा काढला. वास घेतला. “मातुआ, व्हॉट्स धिस? स्मेल्स लाइक सनस्क्रीन.” मग कापडावर पुसलं, तर कापड लाल झालं. इराने ते लाल पाहिलं. खंडेनवमीचा पाट तिने दरवर्षी पाहिला होता. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “आजी?”

माधवरावांनी मान वर केली नाही. मँडरिनच्या शिरा काढत राहिले.

मी ट्रे खाली ठेवला. माझा हात किती जड होता म्हणून सांगू! उचलला. खांद्यापर्यंत आणला, मग डोक्याच्या वर नेला. “हिट,” मी म्हटलं. आवाजच फुटला नाही. पण त्यांना ऐकायची गरज नव्हती. आता ते बघत होते.

विरेमूने आत सगळं धुतलं, रबराच्या रिंगा बदलल्या, गॅस भरला आणि गोळ्या न घालता बंदूक माधवरावांच्या हातात दिली. ते उभे राहिले, तिला खांद्याशी लावलं आणि भिंतीकडे रोखून चाप ओढला. खटॅक! त्यांचा खांदा मागे गेला. पुन्हा ओढला, पुन्हा गेला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला वाद कोण जिंकलं ते कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान होतं.

मी जवळ जाऊन त्यांच्या कानाशी मोठ्याने विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“त्याच रविवारी. कान गेलेत, नाक नाही.”

“मग बोलला का नाहीत? मला चार शब्द सुनवायचे, दुरुस्त करून घ्यायची, खेळायला जायचं!”

त्यांनी बंदूक विरेमूकडे दिली, सोललेल्या मँडरिनचा अर्धा भाग माझ्या हातावर ठेवला, आणि पहिल्यांदाच माझ्याशी हळू आवाजात बोलले:

“आमच्या खेळात दुसऱ्याला लागली म्हणून आपण ओरडायचं नसतं, विहीणबाई. मी थांबलो होतो.”